वारली चित्र असो की कुंभाराची माती: छोटी आर्ट गॅलरी म्हणजे काय, तिथं कलाकाराला काय मिळतं आणि सही करण्याआधी काय विचारावं?

डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड, मोखाडा या तालुक्यांत वारली चित्रं काढणारे हात पाड्यापाड्यावर आहेत. कुंभारवाड्यात माठ, पणत्या, संक्रांतीची सुगडी आणि घटस्थापनेचे घट करणारी घरंही अजून आहेत. अशा घरी कधीतरी शहरातून कोणी येतं आणि म्हणतं, "तुमचं काम गॅलरीत लावू." ऐकायला छान वाटतं. पण गॅलरी म्हणजे नक्की काय, तिथं विकलेल्या चित्राचे पैसे कसे वाटले जातात, माल फुटला तर नुकसान कोणाचं, हे बहुतेकांना कोणी नीट सांगत नाही. त्याची ही सविस्तर माहिती.

गॅलरी, हॉल, दुकान आणि संग्रहालय: फरक काय?

चारही ठिकाणी चित्रं दिसतात, पण चौघांचा व्यवहार वेगळा.

संग्रहालयात वस्तू जपून ठेवतात, विकत नाहीत. दुकानदार साधारणपणे माल विकत घेतो आणि नफा धरून पुढे विकतो. पैसे एकदाच मिळतात आणि वस्तूवर कलाकाराचं नाव असेलच असं नाही.

भाड्याचा हॉल हा तिसरा प्रकार. मुंबईत काळा घोडा भागातली, १९५२ साली सुरू झालेली जहांगीर आर्ट गॅलरी सगळ्यांना माहीत आहे. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन आहे, कोल्हापुरात शाहू स्मारक भवनाचं. अशा ठिकाणी कलाकार किंवा संस्था ठराविक दिवसांसाठी हॉल घेते. भाडं, जाहिरात, चित्रं नेणं-आणणं हा खर्च घेणाऱ्याचा. काहीच विकलं गेलं नाही तरी भाडं जातंच.

चौथा प्रकार म्हणजे खासगी छोटी गॅलरी. एक-दोन खोल्या, पांढऱ्या भिंती, मोजकी माणसं. ही गॅलरी स्वतः कलाकार निवडते, प्रदर्शन भरवते, गिऱ्हाईक आणते आणि विक्रीतून आपला हिस्सा कापून घेते. चांगली गॅलरी एका प्रदर्शनावर थांबत नाही. वर्षानुवर्षं त्याच कलाकाराचं काम दाखवत राहते, त्याची छापील माहिती काढते, संग्रहालयांशी बोलते. गावातल्या कलाकाराला "गॅलरीत लावू" असं सांगणारा माणूस यातल्या नेमक्या कोणत्या प्रकाराबद्दल बोलतोय, हे सगळ्यात आधी विचारायला हवं.

फ्रेमच्या दुकानातून उभी राहिलेली गॅलरी

छोटी गॅलरी काय करू शकते याचं मुंबईतलं ठळक उदाहरण म्हणजे गॅलरी केमोल्ड. केकू गांधी यांनी १९४१ च्या सुमारास चित्रांच्या फ्रेम बनवण्याचा धंदा सुरू केला. त्या काळी मुंबईत नव्या चित्रकारांना चित्रं दाखवायला जागाच नव्हती. गांधी आपल्या फ्रेमच्या दुकानात तरुण चित्रकारांची चित्रं लावायचे. पुढे १९६३ साली केकू आणि त्यांच्या पत्नी खुर्शीद यांनी जहांगीरच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू केली. जागा लहानशी होती. पण तैयब मेहता, भूपेन खख्खर यांच्यासारख्या पुढे देशभर गाजलेल्या चित्रकारांची कामं तिथं लागली. घाटकोपरच्या अतुल डोडिया यांचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन १९८९ साली याच गॅलरीत झालं. २००७ पासून ही गॅलरी फोर्ट भागात प्रेस्कॉट रोडवर आहे.

आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने मात्र या गॅलरीतलं महत्त्वाचं नाव आहे डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावचे जिव्या सोमा म्हसे यांचं.

गंजाडची भिंत ते मुंबईची भिंत

वारली चित्र मुळात विकायची वस्तू नव्हतीच. लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर शेण-गेरूचा हात फिरवून, तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने सवासिनी चौक काढायच्या. चौकात पालघट देवी. लग्न झालं, पावसाळे गेले की चित्र पुसट व्हायचं. नवं लग्न निघालं की नवं चित्र. खाली कोणाची सही नसायची.

जिव्या म्हसे हे पुरुष असून चित्रं काढत, आणि तीही फक्त लग्नापुरती नाही. लहानपणी आई गेल्यावर बरीच वर्षं ते बोलत नसत, मातीत रेघोट्या ओढून सांगत, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुळकर्णी सरकारी हस्तकलेच्या कामासाठी या भागात आले. त्यांनी वारली चित्रकारांना कागद आणि रंग दिले. भिंतीवरचं चित्र पहिल्यांदा उचलून नेता येईल असं झालं. १९७५ साली केमोल्डमध्ये जिव्या म्हसे यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं.

त्यानंतरचा प्रवास मोठा आहे. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार. १९८९ साली पॅरिसमध्ये भरलेल्या, जगभरातले कलाकार एकत्र आणणाऱ्या प्रदर्शनात त्यांचं काम. पुढे रिचर्ड लाँग या नामवंत इंग्रज कलाकारासोबत जर्मनीत आणि इटलीत प्रदर्शनं. २०११ साली पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी त्यांचं निधन झालं. बाळू आणि सदाशिव या त्यांच्या मुलांनी चित्रकला पुढे चालवली.

यात गॅलरीमुळे नेमकं काय बदललं? तीन गोष्टी. पहिली, चित्राखाली 'वारली चित्र' एवढंच न राहता माणसाचं नाव आलं. दुसरी, मजुरीच्या हिशोबाऐवजी चित्राची म्हणून किंमत ठरू लागली. तिसरी, हे काम शहरी चित्रकारांच्या बरोबरीने, त्याच भिंतीवर दिसलं. हस्तकलेच्या दुकानात यातली एकही गोष्ट सहसा होत नाही.

भोपाळचा धडा

असाच प्रकार मध्य प्रदेशात सरकारी संस्थेमार्फत झाला. १९८२ साली भोपाळमध्ये भारत भवन उघडलं. तिथल्या कलासंग्रहाचे प्रमुख चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी आदिवासी कलाकारांची कामं शहरी चित्रकारांच्या कामांसोबत मांडली. भुरीबाई या भिल्ल बाई भारत भवनाच्या बांधकामावर मजूर होत्या. स्वामीनाथन यांनी त्यांना चित्र काढायला सांगितलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पाटनगढचे गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम हेही याच काळात पुढे आले. पॅरिसच्या १९८९ च्या प्रदर्शनात जिव्या म्हसे यांच्याबरोबर तेही होते.

पण जनगढ यांची गोष्ट पूर्ण सांगायला हवी. २००१ साली जपानमधल्या एका संग्रहालयासाठी तिथंच राहून चित्रं काढत असताना, ऐन उमेदीत त्यांचा मृत्यू झाला. घरी परतायची ओढ असताना मुक्काम वाढत गेला, अशी चर्चा त्यानंतर झाली. आदिवासी कलाकाराला परदेशी नेताना करार काय असतो, पैसे किती, परतायचं ठरवणार कोण, हे प्रश्न तेव्हा कलाजगताला विचारावे लागले. नाव आणि मान मिळाला म्हणून अटी विचारायच्या नाहीत असं होत नाही.

मातीला गॅलरीत जायला उशीर का झाला?

चित्र भिंतीवर लावून बघायचं असतं हे लोकांना पटकन पटतं. माठ मात्र पाणी प्यायचा. म्हणून कुंभारकाम कितीही सुंदर असलं तरी बराच काळ ते बाजाराच्या फडक्यावरच राहिलं.

तसे प्रयत्न जुने आहेत. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८७० च्या दशकातच जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या चित्रांवरून नक्षी काढलेली मातीची भांडी बनत होती. विसाव्या शतकात सरदार गुरचरण सिंग जपानमध्ये मातीकाम शिकून आले आणि १९५२ साली त्यांनी दिल्लीत 'दिल्ली ब्लू पॉटरी' सुरू केली. १९७१ साली पाँडिचेरीत रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या अमेरिकन जोडप्याने 'गोल्डन ब्रिज पॉटरी' उभी केली. आज गॅलऱ्यांमध्ये दिसणारे बरेच सिरॅमिक कलाकार तिथं शिकलेले आहेत. पुण्याच्या निर्मला पटवर्धन यांनी मातीवर चढणाऱ्या काचेच्या लेपांचा, म्हणजे ग्लेझचा, आयुष्यभर अभ्यास केला आणि कुंभारांसाठी पुस्तक लिहिलं.

कुंभाराच्या घरातून इथवर आलेलं नाव म्हणजे ब्रह्मदेव राम पंडित. जन्म बिहारच्या नवादा जिल्ह्यातला, घराणं कुंभाराचं. मुंबईजवळ भाईंदरला त्यांनी स्टुडिओ उभारला. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मातीच्या मुखवट्यांसारख्या शिल्पांसाठी ओळखले गेलेले हिम्मत शाह मूळचे गुजरातच्या लोथलचे. आणि छत्तीसगडच्या सरगुजा भागातल्या सोनाबाई रजवार यांनी तर घराच्या ओट्यावर, भिंतींवर, जाळ्यांवर मातीची माणसं, पाखरं, जनावरं घडवली. कोणी शिकवलं नव्हतं. पुढे ते काम देशाबाहेरच्या लोकांनीही पाहिलं.

२०१८ साली जयपूरला 'इंडियन सिरॅमिक्स ट्रायनेल' हे फक्त मातीकामाचं मोठं प्रदर्शन भरलं. मातीकाम म्हणजे फक्त भांडी नव्हे, हे आता गॅलऱ्यांनीही मानलं आहे.

कुंभाराची माती आणि गॅलरीतली सिरॅमिक

दोन्ही मातीच, पण मातीचा प्रकार आणि उष्णता वेगळी. गावच्या आव्यात लाकूड, गोवऱ्या, पेंढा लावून भाजलेली लाल माती साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापते. ती सच्छिद्र राहते, म्हणूनच माठातलं पाणी गार होतं. 'स्टोनवेअर' नावाची माती गॅस, वीज किंवा लाकडाच्या बंद भट्टीत १२०० अंशांच्या वर भाजतात. ती दगडासारखी घट्ट होते, पाणी झिरपत नाही. बहुतेक वेळा काम दोनदा भाजतात: पहिल्यांदा कच्चं पक्कं करायला, दुसऱ्यांदा ग्लेझ चढवून.

प्रत्येक भट्टीत काही नग तडकतात, वाकतात, ग्लेझ ओघळून फळीला चिकटतात. ही तूट कलाकारालाच सोसावी लागते. म्हणून मातीकामाची किंमत लावताना चांगल्या निघालेल्या नगात फुटलेल्याचाही हिशोब धरावा लागतो. नवखे कलाकार हे विसरतात आणि पुढे म्हणतात, विकलं खूप, उरलं काहीच नाही.

गॅलरीत जाण्यासाठी गावच्या कुंभाराने स्टोनवेअरच करायला हवं असंही नाही. राजस्थानातल्या मोलेला गावचे कुंभार साध्या भाजलेल्या मातीच्या देवतांच्या पाट्या करतात. तिथल्या मोहनलाल कुंभार यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली ती त्याच कामासाठी.

पैशाचा हिशोब

खासगी गॅलरी विक्रीच्या रकमेतून बहुधा तिसरा हिस्सा ते निम्मा हिस्सा कापते. हा आकडा ऐकून धक्का बसतो, पण त्यात जागा, वीज, माणसं, छपाई, गिऱ्हाईक आणणं हे सगळं येतं. प्रश्न हिस्सा किती यापेक्षा त्यात काय धरलंय हा आहे.

समजा एक चित्र २०,००० रुपयांना विकलं आणि गॅलरीचा हिस्सा ४० टक्के. गॅलरीला ८,००० आणि कलाकाराला १२,०००. आता फ्रेमचे २,००० आणि वाहतुकीचे १,००० कलाकाराकडूनच कापले तर हातात ९,००० उरतात. तेच दोन्ही खर्च गॅलरीने केले तर पूर्ण १२,०००. टक्का एकच, हातात पडणारी रक्कम वेगळी.

गिऱ्हाइकाला सूट दिली तर ती कोणाच्या वाट्यातून जाणार, हेही आधीच ठरवायला हवं. नाहीतर गॅलरी आपला हिस्सा पूर्ण घेते आणि सूट कलाकाराच्या माथी बसते.

सही करण्याआधी कागदावर काय हवं?

बहुतेक गॅलऱ्या काम विकत न घेता ठेवून घेतात, विकलं तर पैसे देतात. मालक तोपर्यंत कलाकारच असतो. म्हणून काम देताना पोचपावती हवीच. तिच्यात या गोष्टी असाव्यात:

• प्रत्येक कामाचं नाव, माप, फोटो आणि ठरलेली किंमत
• गॅलरीचा हिस्सा किती टक्के, आणि सूट दिल्यास ती कोण सोसणार
• फ्रेम, वाहतूक, छपाई यांचा खर्च कोणाचा
• विक्री झाल्यावर पैसे किती दिवसांत आणि बँक खात्यात
• काम किती महिने ठेवणार, न विकलेलं परत कोण पोचवणार
• फुटलं, भिजलं, हरवलं तर भरपाई किती (मातीकामात ही अट सगळ्यात महत्त्वाची)
• कलाकाराने दुसरीकडे विकायला बंदी आहे का, असल्यास किती काळ

कागद इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागण्यात कमीपणा नाही. मोबाईलवर प्रत्येक कामाचा पुढून-मागून फोटो काढून ठेवावा. "प्रदर्शनात लावतो, पण आधी पैसे भरा" असं म्हणणाऱ्यांबाबत सावध राहावं. तो भाड्याचा हॉल असेल तर तसं स्पष्ट सांगायला हवं. गॅलरी म्हणवून घेऊन भाडंही घ्यायचं आणि हिस्साही, हा दुहेरी हिशोब कलाकाराला परवडत नाही.

कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यातल्या या पाच गोष्टी गावातल्या कलाकाराच्या थेट कामाच्या आहेत.

१. चित्र विकलं म्हणजे हक्क विकला असं नाही. घेणाऱ्याला चित्र मिळतं. ते साडीवर, कॅलेंडरवर किंवा कपावर छापायचा हक्क कलाकाराकडेच राहतो. हा हक्क कलाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे मुला-नातवंडांनाही.

२. ऑर्डरचं चित्र वेगळं. कोणी पैसे ठरवून खास सांगून चित्र काढून घेतलं आणि लेखी काही ठरलं नसेल, तर पहिला हक्क ऑर्डर देणाऱ्याचा होऊ शकतो. म्हणून ऑर्डर घेताना "छापण्याचा हक्क कलाकाराकडे" असं एक वाक्य लिहून घ्यावं.

३. हक्क लेखीच देता येतो. कलाकाराची सही नसेल तर तो दिला असं धरत नाहीत. कागदावर मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांचाच समजला जातो.

४. मूळ चित्र, रेखाचित्र किंवा शिल्प पुढे १०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर कलाकाराला किंवा वारसांना त्यात वाटा मागता येतो. हा वाटा जास्तीत जास्त १० टक्के. व्यवहारात हा हक्क मागायला विक्रीची माहिती हवी, म्हणून पावत्या जपाव्यात.

५. कामाची मोडतोड करून कलाकाराची बदनामी होत असेल तर दाद मागता येते. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भलंमोठं ब्राँझचं भित्तिशिल्प काढून गोदामात टाकलं होतं. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारला ते परत करायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं.

वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. जीआय 'वारली' या नावाचं आणि परंपरेचं संरक्षण करतं. एखाद्या बाईने काढलेलं एखादं चित्र दुसऱ्याने जसंच्या तसं उतरवलं तर तिथं कॉपीराइट कामाला येतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

गॅलरी बघायला पैसे लागतात का?

बहुतेक खासगी गॅलऱ्यांत प्रवेश फुकट असतो. चर्चगेट किंवा सीएसएमटीला उतरून काळा घोड्यापर्यंत चालत जाता येतं. जहांगीर तिथंच आहे, इतर गॅलऱ्याही आसपास आहेत. विकत घ्यायलाच हवं असं कोणी म्हणत नाही. दाराशी काचेमागे शांतता असते म्हणून दबकायचं कारण नाही. चित्राखालच्या चिठ्ठीवर कलाकाराचं नाव, वर्ष, माप आणि कशाने काढलं हे लिहिलेलं असतं. काउंटरवर मागितली तर किमतींची यादीही मिळते. आपल्यासारखंच काम तिथं कितीला लागलंय हे एकदा बघून आलं, तर पुढच्या वेळी दारात आलेल्या माणसाशी बोलणं सोपं जातं.

थोडक्यात

• 'गॅलरीत लावू' म्हणजे हॉल, दुकान की खासगी गॅलरी, हे आधी विचारा.
• हिस्सा किती टक्के यापेक्षा खर्च कोणाचा, हे महत्त्वाचं.
• पोचपावती आणि फोटो नसताना एकही नग घराबाहेर देऊ नका.
• मातीकामात फुटतुटीची अट लेखी घ्या.
• चित्र विका, पण छापण्याचा हक्क सहज देऊ नका.
• प्रत्येक कामावर स्वतःचं नाव, गाव आणि वर्ष घाला. चौक काढणाऱ्या कितीतरी सवासिनींची नावं आज कोणालाच माहीत नाहीत.